ट्रंकआत्यांचे दोन ठोके

ट्रंकआत्या कोणाच्याही घरी गेल्या तरी तीन मिनिटांच्या वर बसत नसत. हळदीकुंकू असो, आजाऱ्याची चौकशी असो, नाहीतर मयताच्या घरी भेटायला जाणं असो, त्या यायच्या, दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर टेकायच्या, जे बोलायचं ते नेमकं बोलायच्या आणि घड्याळाकडे न बघताच म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." की उठल्याच. एकदा माझ्या बायकोनं, सुमतीनं, गंमत म्हणून भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दोन मिनिटं पंचावन्न सेकंद भरली.

"आत्या, पाच सेकंद कमी भरले की!"

"ते चपला घालायला," आत्या जिन्यावरून म्हणाल्या.

झाशीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांनी सारी नोकरी ट्रंक ऑपरेटर म्हणून केली. आजच्या मुलांना सांगायला हवं, की तेव्हा परगावी बोलायचं तर आधी कॉल नोंदवावा लागे आणि मग तासन्‌तास वाट बघावी लागे. ऑर्डिनरी कॉल मागे, अर्जंट त्याच्या पुढे आणि लायटनिंग सगळ्यांच्या पुढे. एकदाची लाइन लागली की तीन मिनिटांची मुदत. ती संपत आली की मधूनच एक बाई बोलायची, "थ्री मिनिट्स." ती बाई म्हणजे आमच्या आत्या. खंडेराव गेटच्या अलीकडच्या गल्लीत मराठी घरं त्यांना ट्रंकआत्या म्हणत आणि हिंदी घरं ट्रंक बुआ. खरं नाव रेशनकार्डावर होतं, ते तिथंच राहिलं.

त्यांचं घराणं मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं. बाहेर बुंदेली, बाजारात हिंदी आणि घरात मात्र अशी मराठी, की मी सांगलीचा असून मला अडखळायला होई. स्वयंपाकघराला त्या अजून मुदपाक म्हणत. मी इथल्या सरकारी कारखान्यात ट्रान्सफॉर्मरवर आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्याच घराचा खालचा मजला घेतला. वर त्या एकट्या, खाली आम्ही दोघं. सोळा वर्षं त्यांच्या पायांचा आवाज आमच्या छतावर होता.

गेल्या थंडीत आत्या गेल्या. इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एक-दोन वक्ते वीस-वीस मिनिटं बोलले, तेव्हा मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "बुआ होतीं तो लाइन काट देतीं," आणि रडणारी माणसंही हसली. मग अध्यक्षांनी माझ्याकडे हात केला. म्हणाले, आत्यांना आपल्या बहिणीशी शेवटपर्यंत बोलता आलं ते खालच्या काकांमुळे, त्यांनी आपलं इंटरनेट आत्यांसाठी मोकळं ठेवलं होतं, असे शेजारी भाग्यानं मिळतात. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजत नाहीत, पण त्या दिवशी वाजल्या. नंतर सेक्रेटरी असलेला मुलगा म्हणाला, "अंकलजी, स्मरणिकेत बुआवर आपणच लिहा ना. आपसे अच्छा कौन लिखेगा?"

अध्यक्ष जे बोलले ते खरं नाही. टाळ्या वाजत असताना मी मान खाली घालून बसलो, त्याला लोक नम्रपणा समजले. ते दुरुस्त करण्यासाठी मी लिहितो आहे. पण आत्यांची ओळख नीट झाली नाही, तर मी काय केलं तेही कळणार नाही.

त्यांना एकच बहीण, छबू. आत्यांहून सहा वर्षांनी लहान. दोन वर्षांची असताना ताप आला आणि त्यात कान गेले. बोलणंही मग आलंच नाही. लिहिणं स्वतःच्या नावापुरतं. दोघी बहिणींनी लहानपणी आपली हातांची एक भाषा केली होती. कपाळावर बोट टेकवलं की आई. नाकाचा शेंडा चिमटीत धरला की राग. आत्यांना आधी दोन वेण्यांची खूण होती. नोकरी लागली तशी छबूनं ती बदलली. उजव्या हाताची मूठ कानाशी, रिसीव्हर धरावा तशी. तीच ताई. छबूचं लग्न लांब बडोद्याला झालं, नवराही तिच्यासारखाच न ऐकणारा, भला माणूस. तो गेल्यावर ती मुला-सुनेजवळ राहिली. सून फार चांगली, पण दोघी बहिणींची ही भाषा तिला चार शब्दांपलीकडे येत नव्हती. ती भाषा जगात दोघींनाच येत होती.

"अख्ख्या हिंदुस्थानाला मी एकमेकांशी बोलायला लावलं," आत्या एकदा म्हणाल्या, "आणि माझ्या बहिणीला मला एक फोन करता आला नाही. करून काय बोलणार? काय ऐकणार?"

म्हणून व्हिडिओ कॉल म्हणजे काय ते जेव्हा सुमतीनं त्यांना दाखवलं, तेव्हा त्या पहिल्यांदा आमच्याकडे तीन मिनिटांपेक्षा जास्त बसल्या. बडोद्याच्या सुनेनं पलीकडे फोन धरला होता. पडद्यावर छबू आली. तिनं आधी फोनला हात लावून पाहिला, मग मूठ कानाशी नेली. आत्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि दोन्ही हात वर केले. पाऊण तास आमच्या खोलीत आवाज म्हणून नव्हता. दोन म्हाताऱ्या भराभरा हात हलवत होत्या, मधेच गुडघ्यावर थाप मारून हसत होत्या. सुमतीनं शेवटी विचारलं, "आत्या, तीन मिनिटं?"

"तिची अजून सुरूसुद्धा झाली नाहीत," आत्या म्हणाल्या.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी चारला बडोदा. आत्या स्वतःचं कनेक्शन घेणार होत्या. मीच घेऊ दिलं नाही. एका घरात राउटरचे दोन डबे कशाला, आमचंच वर पुरेल, असं मी मोठ्या मनानं म्हणालो. त्यांच्या फोनला गल्लीत रेंज जेमतेम, त्यामुळे सगळी भिस्त आमच्या डब्यावर. हे मोठं मन लक्षात ठेवावं, पुढे त्याचा संबंध येतो.

आमचा जुना राउटर बिघडला आणि कंपनीनं नवा बसवला, तेव्हा त्याचं ॲप मी माझ्या फोनवर घेतलं. आत्या खाली आल्या होत्या. मी त्यांना यादी दाखवली. घरात कोणकोणती यंत्रं नेटवर आहेत, ती एकाखाली एक दिसत होती. आत्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"अहो इंजिनियर, हा तर आमचा एक्सचेंजचा बोर्ड झाला! कोण कोण लाइनवर आहे, सगळं दिसतंय की."

"हो. आणि एकाच वेळी सगळ्यांना हवं असेल, तर पहिलं कोणाला द्यायचं, तेही ठरवता येतं." मी त्यांना वरचा, मधला आणि खालचा असे तीन दर्जे दाखवले.

"ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग," त्या बोट ठेवत म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की सुमती मुदपाकातून, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातून, बघायला आली. यंत्रांची नावं कंपनीनं आकड्यांत दिली होती. आत्यांनी ती बदलायला लावली. सुमतीच्या फोनचं नाव 'मुदपाक', टीव्हीचं 'ओसरी', माझ्या लॅपटॉपचं 'साहेब'.

"आणि तुमच्या फोनचं? ट्रंकआत्या लिहू?"

"माझा फोन कुठला? तो तिचाच. 'छबू' लिहा."

मग त्यांनी बसून क्रम लावला. 'छबू' सगळ्यांत वर. टीव्ही तळाला. मी म्हणालो, "आत्या, टीव्ही अडकला तर मी ओरडेन हं."

"ओरडा की. ओरडणाऱ्याची काळजी नसते इंजिनियर, त्याचं कोणीतरी ऐकतंच. गप्प बसलेल्याला आधी लाइन द्यायची."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. भाजीवाल्याकडे गर्दी असली तरी त्या मागे उभ्या असलेल्या बाईला पुढे काढायच्या, "भैया, पहले इनको दो, ये बोल नहीं रहीं." हे वाक्य त्यांना कुठून मिळालं, ते मला फार उशिरा कळलं.

आवाजात बोलणाऱ्यांची लाइन थोडी खराब झाली, तरी चालतं. तोंड दिसलं नाही तर शब्द येतात, निम्मे आले तरी अंदाज बांधता येतो. हातांनी बोलणाऱ्यांचं तसं नाही. चित्र थांबलं की बोलणंच थांबतं. हे त्यांनी मला समजावलं होतं. म्हणून आमच्यात ठोक्यांची एक पद्धत ठरली. त्यांचे गुडघे गेलेले, जिना नको व्हायचा. वर लाटण्यानं फरशीवर एक ठोका मारला, तर चहाला या. दोन मारले, तर लाइन अडकली आहे. दोन ठोके आले, की मी खाली डब्याकडे बघायचं.

आता माझी गोष्ट.

आमच्या कारखान्यातल्या निवृत्त मंडळींनी एक ऑनलाइन मेळावा ठरवला. त्यात माझा सत्कार आणि माझं भाषण. रविवारी चारला. सुमतीच्या भावाला आणि त्याच्या घरच्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं, मोठ्या टीव्हीवर सगळ्यांना दिसावं म्हणून. आदल्या आठवड्यात तालीम करताना माझं चित्र दोनदा अडखळलं. भाषणाच्या ऐन मध्यावर आपलं तोंड उघडं राहून थिजलं तर कसं दिसेल, हा विचार मला सुटेना. आत्यांना सांगून त्यांचा कॉल पाचला करता आला असता. त्यांनी एका शब्दात होकार दिला असता. पण सांगायला लाज वाटली. त्यांच्या बहिणीपेक्षा माझं भाषण महत्त्वाचं आहे, हे वाक्य कसं उच्चारायचं? म्हणून मी ते उच्चारलं नाही, नुसतं केलं. यादी उघडली, 'साहेब' आणि 'ओसरी' वर नेले, 'छबू' तळाला. ॲपनं विचारलं, किती वेळ? एक तास, दोन तास, चार तास, नेहमी. मला दोन तास हवे होते. मी 'नेहमी' दाबलं.

बोट घसरलं, असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. पण चष्मा डोळ्यांवर होता.

भाषण छान झालं. एकदाही अडखळलं नाही. काय बोललो, ते आज आठवत नाही.

पुढच्या रविवारी मी टीव्हीवर क्रिकेटचा सामना लावून बसलो होतो आणि छतावर दोन ठोके आले. मी टीव्ही बंद केला. वर पावलं फिरली, सगळं सुरळीत झालं असावं. नंतर आत्या कठडा धरत धरत खाली आल्या. "आज बरेचदा थिजली हो छबू. काय झालंय लाइनला?"

मी यादी उघडली. 'छबू' तळाशी होती. तेव्हाच मला कळलं, की मी काय करून ठेवलं आहे. फोन माझ्या हातात होता, आत्या समोर उभ्या होत्या.

"कंपनीकडून काहीतरी आहे, आत्या."

"कंपनीकडूनच असणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही नीट लावलंय, मी बघितलंय ना."

त्यांचं ते वाक्य ऐकल्यावर खरं सांगणं आणखी अवघड झालं. पण त्या वर गेल्यावर गुपचूप दुरुस्त करायला काय हरकत होती? दोन बोटांचं काम. मी केलं नाही. कारण विचाराल तर टीव्ही आता अजिबात अडखळत नव्हता, इतकंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही. करू, करू म्हणत रविवार गेले. दोन ठोके आले की मी टीव्ही बंद करायचो, वरचं चित्र सुटायचं, आणि त्याबद्दल आत्या मला धन्यवाद द्यायच्या. "काय करता हो खाली? तुमच्या हातात जादू आहे." मी ते धन्यवाद घेत होतो.

कंपनीकडे त्यांनी स्वतः तक्रार केली. मुलगा आला, तपासून म्हणाला, "बुआजी, लाइन तो एकदम सही है." आत्या त्याच्यावर रागावल्या. "इंजिनियर साहब बता रहे हैं कि खराबी है, और तुम हमको सिखाते हो?" मी तिथंच उभा होतो.

मे महिन्यात छबू आजारी पडली. हॉस्पिटलातून घरी आणली, आता उपाय नाही म्हणून. आत्यांना बडोद्याला जायचं होतं, पण त्यांना त्या गुडघ्यांनी गल्लीच्या टोकापर्यंतही जाववत नव्हतं. सून रोज साधा फोन करून हालहवाल सांगायची. छबू दिवसभर डोळे मिटून असते, तिला हात उचलवत नाहीत, असं ती म्हणाली. आत्या तरी रविवारची वाट बघत होत्या. "चारला ती उठेल," त्या म्हणाल्या. "चार वाजलेले तिला कळतात."

त्या रविवारी ऊन असं होतं, की गल्लीत कुत्रंही नव्हतं. कूलर लावून मी सामना बघत होतो. आपलाही नाही, कुठल्या तरी दोन परदेशी संघांचा. चार वाजून गेले होते. छतावर दोन ठोके पडले.

कूलरच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं लिहिता येईल. ऐकू आलं होतं. सुमतीलाही आलं. ती आतून म्हणाली, "अहो, वर ठोकतायत."

"हो, एवढी ओव्हर होऊ दे."

पुन्हा दोन. मग पुन्हा दोन, जोरात. मग लागोपाठ इतके, की ते दोन-दोन राहिलेच नाहीत. सुमती पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "अहो, बंद करा ना तो!"

"दोन बॉल राहिलेत."

एका ओव्हरला साधारण चार मिनिटं लागतात. आत्यांच्या हिशेबात एक अख्खा ट्रंक कॉल आणि वर एक मिनिट.

मी टीव्ही बंद केला. छतावरचे ठोकेही थांबले होते. मी वर गेलो. आत्या खाटेवर बसल्या होत्या, लाटणं खाली पडलेलं, फोन हातात. पडद्यावर चित्र आता स्वच्छ होतं. छबू उशीवर डोळे मिटून पडलेली, हात चादरीवर. सून पलीकडून सांगत होती, "मावशी, आत्ता उठल्या होत्या हो. दोन्ही हात उचलले त्यांनी. खूप वेळ काहीतरी करत होत्या, मला काही समजलं नाही. आता दमल्या."

छबूनं नंतर डोळे उघडले नाहीत. मंगळवारी ती गेली.

आत्यांनी काय पाहिलं होतं, ते त्यांनी आम्हाला करून दाखवलं. पुढच्या महिन्यांत किती वेळा दाखवलं असेल, गणती नाही. उजव्या हाताची मूठ कानाशी. ताई. आणि डावा हात, तळवा उघडा, छातीपर्यंत वर आलेला. तिथं चित्र थिजलं. पुढे तो हात कुठे गेला, ते दिसलं नाही.

"इथून हात आत घेतला, तर 'ये' होतं," आत्या सांगायच्या. "ताई, ये. आणि इथूनच बाहेर ढकलला, तर 'पुरे'. ताई, पुरे आता." पुढे म्हणायच्या, "नाहीतर हात तोंडाशी नेऊन 'जेवलीस का' विचारलं असेल. तिला दुसरं सुचायचं नाही." आणि हसायच्या. मग डावा हात पुन्हा छातीशी आणून त्याच्याकडे बघत राहायच्या, जणू तो आपण होऊन पुढे जाईल.

"तिनं हाक मारली, एवढं पोचलं," त्या एकदा म्हणाल्या. "मजकूर लाइनमध्ये राहिला."

त्याच रविवारी, वरून खाली आल्याबरोबर, मी यादी उघडून 'छबू' पुन्हा सगळ्यांत वर नेली होती आणि 'ओसरी' तळाला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. दोन आठवड्यांनी आत्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "इंजिनियर, तो बोर्ड दाखवा पाहू एकदा." मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. वरून खालपर्यंत बोट फिरवलं. छबू, साहेब, मुदपाक, ओसरी. त्यांनी लावलेला तोच क्रम.

"आहे की वर," त्या म्हणाल्या. "मग लाइनमध्येच होतं काहीतरी."

बत्तीस वर्षं बोर्डावर बसलेल्या बाईसमोर मी खोटा बोर्ड ठेवला आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. निदान तसं म्हणाल्या. फोन परत देताना त्या माझ्याकडे क्षणभर जास्त बघत राहिल्या असं मला वाटलं होतं. त्यांना कळलं असेल का? मला वाटत नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं, असं मात्र वाटतं.

मला एक संधी मिळाली होती. पावसाळ्यातल्या एका दुपारी आत्या येऊन बसल्या आणि त्यांची तीन मिनिटं होऊन गेली तरी उठेनात. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीची. रेल्वेतला एक खलाशी, साधा कामगार, एक्सचेंजमध्ये आला. कानपूरच्या हॉस्पिटलला त्यानं ऑर्डिनरी कॉल नोंदवला आणि बाकावर बसला. कोणीतरी बडा साहेब तेव्हा घरून अर्जंटवर अर्जंट कॉल नोंदवत होता, मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती म्हणे. नियमाप्रमाणे अर्जंट आधी. खलाशी तीन तास बसून होता. एकदाही उठून विचारायला आला नाही. शेवटी त्याची लाइन लागली, तेव्हा पलीकडून सांगितलं, की त्याची बायको तासाभरापूर्वी गेली.

"तो काही बोलला नाही हो," आत्या म्हणाल्या. "रिसीव्हर नीट जागेवर ठेवला. मला हात जोडले. 'शुक्रिया बहनजी' म्हणाला आणि गेला. कोणी हॉस्पिटलात आहे का, एवढं मी विचारलं असतं तर त्याला पुढे काढलं असतं. पण तो गप्प बसला होता आणि साहेब ओरडत होता."

त्यानंतर त्या बाकावरच्या प्रत्येकाला विचारत, "क्या बात है भैया?" आणि नियम मोडून गप्प माणसाला पुढे काढत. त्याबद्दल दोन मेमो मिळाले. ते त्यांनी देवघरात, गणपतीच्या मागे ठेवले होते.

"मी नियमानं वागले होते, इंजिनियर. तरी चूक माझीच," त्या म्हणाल्या. "मी त्याला सांगायला हवं होतं, की भैया, तुझा कॉल मी मागे ठेवला होता. त्याला वाटलं असेल, लाइनच मिळत नव्हती."

सुमती बाजारात गेली होती. माझ्या तोंडात शब्द आले होते, अगदी दातांपर्यंत. आत्यांनीच तर ते मला हातात आणून दिले होते, नुसते परत म्हणायचे होते. मी म्हणालो, "चहा टाकू का, आत्या?"

"नको," त्या उठल्या. "फार बसले आज."

थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात मी रोज जात होतो. एक दिवस त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं. श्वास लागत होता, तरी शब्द स्वच्छ, ऑपरेटरचे.

"इंजिनियर, लाइनमध्येच बिघाड होता ना?"

"हो, आत्या."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. डावा हात चादरीवरून थोडा वर आला, छातीपर्यंत, आणि तिथंच राहिला. दोन दिवसांनी त्या गेल्या.

शोकसभेहून घरी आल्यावर मी सुमतीला सगळं सांगितलं. तिला ठोके ठाऊक होते, यादीतला बदल ठाऊक नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता सांगून कोणाचं मन मोकळं करताय? तुमचंच ना?" तिचं बरोबर आहे. ज्यांना सांगायचं होतं, त्या दोघीही नाहीत. तरी बडोद्याच्या सुनेला मी पत्र लिहिलं आणि अध्यक्षांना सांगितलं, की माझ्याबद्दलचं ते वाक्य स्मरणिकेत घालू नका, त्या जागी हे छापा. ते म्हणाले, "अहो काका, एवढं मनाला लावून घेऊ नका, मशीनची चूक होती." नव्हती. मशीननं मला विचारलं होतं, किती वेळ.

रविवारी चारला आता आमच्याकडे टीव्ही लागत नाही. वर कुलूप आहे. राउटरच्या यादीत 'छबू' अजून सगळ्यांत वर आहे. नाव फिकट झालं आहे, खाली लिहून येतं की हे यंत्र जोडलेलं नाही, काढून टाकायचं का? मी 'नाही' दाबतो. आत्यांनी लावलेला क्रम आता तसाच आहे आणि त्याचा कोणाला काही उपयोग नाही.

हे वाचायला तीन मिनिटांच्या वर वेळ लागेल. आत्या असत्या तर मधेच उठून गेल्या असत्या, आणि मला जे सांगायचं होतं ते राहून गेलं असतं, नेहमीसारखं. म्हणून तेवढंच पुन्हा एकदा, हॉस्पिटलातल्या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून.

नाही, आत्या. लाइन शेवटपर्यंत चांगली होती. तुमचा कॉल मी मागे ठेवला होता.